‘अज्ञातवासी’ केळकर

कविता लिहिणाऱ्या माणसाने अडकित्ते का जमवावेत? दिनकर गंगाधर केळकरांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात घरचे चष्म्याचे दुकान होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. गतकाळावर लिहायचे तर त्या काळची माणसे कशी जगत हे कळायला हवे, या ओढीने १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पुढे हा नादच त्यांचे आयुष्य झाला.

ते तलवारींपाशी थांबले नाहीत. दिवे, कुलपे, दौती, फण्या, अडकित्ते, कोरीव दारे असे सारे त्यांनी गावोगाव हिंडून जमवले. या वस्तू घडवणाऱ्या सुताराचे, तांबटाचे नाव कोणत्याच बखरीत नसते. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. १९६२ साली उभ्या राहिलेल्या संग्रहालयाला केळकरांनी त्याचेच नाव दिले. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ यातला राजा संस्थानिक नव्हे. तो त्यांचा लहानगा मुलगा आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तेही त्यांनी तिथे पुन्हा जुळवून उभे केले. १९७५ साली त्यांनी हे सर्व धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी ते निवर्तले. संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

हे चरित्र मला जवळचे वाटते, त्याला कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मागच्या पिढ्यांचा लेखी इतिहास शोधू गेले, तर सातबाऱ्यापलीकडे हाती काही लागत नाही. आजीचे जाते, तिचा अडकित्ता आणि रॉकेलची चिमणी हेच आमचे दप्तर! नांदेडच्या बाजारात अशी दप्तरे मोडीच्या भावाने तागडीत पडतात. लातूरकडे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातील माणसे गेली आणि त्यांचे संसारही ढिगाऱ्याखाली गेले.

आपल्याला संग्रहालय उभारणे जमणार नाही. पण वस्तू मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची, कुठून आली, कशी वापरत, एवढे वहीत लिहून ठेवणे आपल्याला सहज जमेल. लिहिता येणारी आपण पहिली माणसे आहोत. हे काम आपलेच आहे.