शाळा दीड दिवसाची, मग ‘फकिरा’ आला कुठून?

अण्णा भाऊ साठे म्हटलं की दीड दिवसाची शाळा आठवते. हा तपशील इतका घोकला गेलाय की त्यांची दुसरी शाळा मागेच पडते. ती घरात भरायची, पुस्तकांशिवाय.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात त्यांचा जन्म झाला. नाव तुकाराम, आई वालुबाई, वडील भाऊराव. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

फकिरा कोण होता?

त्यांच्याच नात्यातला, वाटेगावचाच. उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा. अण्णा भाऊ जन्मले तेव्हा त्याच लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये फकिराने बाळंतिणीच्या घरी दिले, असं घरात सांगितलं जायचं. म्हणजे या मुलासाठी फकिराची गोष्ट त्याच्या जन्मापासूनच सुरू होत होती!

सरकारी कागदावर मात्र फकिरा म्हणजे दरोडेखोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. गावच्या मांगांना रोज द्यावी लागणारी हजेरी कादंबरीतही येते. त्यामुळे फकिराची दुसरी बाजू टिकली ती घरातल्या थोरामोठ्यांच्या तोंडी. त्यांनी मुलांना सांगितली नसती, तर पोलिसांची नोंद तेवढी उरली असती.

मग कादंबरी कधी झाली?

बऱ्याच वर्षांनी. अण्णा भाऊ लहानपणीच वडिलांसोबत पायी मुंबईला गेले. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिथेही काम तेच, लिहिता-वाचता न येणाऱ्यांपुढे गोष्ट उभी करण्याचं.

‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. तो कायदा रद्द होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, प्रस्तावना सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची. १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. कधीकाळी सरकारी खजिना लुटणाऱ्याच्या गोष्टीला!

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले, तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते.