पक्ष सोडला, तशी आमदारकीही सोडली : आचार्य नरेंद्र देव यांची गोष्ट

एका चिन्हावर निवडून यायचं आणि वर्षभरात दुसऱ्या झेंड्याखाली उभं राहायचं, हे आता गावोगावी लोकांच्या अंगवळणी पडलंय. पारावर दोन दिवस चर्चा होते, तिसऱ्या दिवशी लोक विसरतात. पण देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका दमेकरी मास्तराने पक्ष बदलला आणि त्याच झटक्यात आमदारकीचा राजीनामा दिला. त्याला तसं करायला लावणारा कुठलाही कायदा तेव्हा नव्हता. पुन्हा निवडणूक झाली, तो पडला. तरी त्याने हा निर्णय चुकला असं कधी मानलं नाही.

हे होते आचार्य नरेंद्र देव. माणूस उत्तर प्रदेशचा, पण त्यांच्या आयुष्यातली मोठी वळणं नाशिक, नगर आणि नागपूरला आली. छोटा पक्ष चालवायचा कसा, सभासद कोणाला करायचं, पदावर कोणी बसायचं, कोणाचं ऐकायचं, या प्रश्नांशी ते बावीस वर्षं झगडले. काही ठिकाणी जिंकले, काही ठिकाणी हरले.

वकिली सोडून मास्तरकी

नरेंद्र देव यांचा जन्म ऑक्टोबर १८८९ मध्ये सीतापूरचा. वडील बलदेव प्रसाद फैजाबादला वकिली करायचे. घरात पाळण्यातलं नाव अविनाशीलाल होतं, नरेंद्र देव हे नाव पुढे मिळालं. शिक्षण अलाहाबाद आणि बनारसला झालं. कॉलेजात असतानाच ते लोकमान्य टिळकांच्या जहाल राजकारणाकडे ओढले गेले.

१९१५ पासून त्यांनी फैजाबादला वकिली केली. असहकाराची चळवळ आली आणि त्यांनी वकिलीवर पाणी सोडलं. १९२१ मध्ये बनारसला काशी विद्यापीठ ही राष्ट्रीय शिक्षणाची संस्था सुरू झाली. तिथे ते शिकवायला गेले, पुढे प्राचार्य झाले आणि आचार्य हा शब्द नावाला कायमचा चिकटला. संस्कृत, पाली, फ्रेंच अशा भाषा त्यांना येत होत्या. दम्याने मात्र जन्मभर पाठ सोडली नाही. भाषण करता करता धाप लागायची.

पक्षाच्या पोटातला पक्ष

१९३० नंतरच्या सत्याग्रहात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी नाशिकच्या तुरुंगात एकत्र आली. काँग्रेसमध्ये राहूनच शेतकरी-कामगारांचा एक गट उभा करायचा, ही कल्पना तिथे पक्की झाली. १७ मे १९३४ रोजी पाटण्याला समाजवाद्यांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होते नरेंद्र देव. काँग्रेस समाजवादी पक्ष त्यातूनच उभा राहिला.

या पक्षाचा सर्वात महत्त्वाचा नियम सभासदत्वाचा होता. जो काँग्रेसचा सभासद असेल, तोच इथे सभासद होऊ शकेल. कारण सरळ होतं. स्वातंत्र्याची लढाई फुटू द्यायची नव्हती.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. इंग्रजांनी दिलेल्या चौकटीत मंत्रिपदं घ्यायची नाहीत, अशी समाजवाद्यांची भूमिका होती. नरेंद्र देव आमदार होते, पण मंत्री झाले नाहीत.

दार उघडलं आणि घर गेलं

पण सभासदत्वाच्या नियमात पक्षाने एक मोठी सूट दिली. १९३६ मध्ये कम्युनिस्टांना वैयक्तिक पातळीवर आत घ्यायचं ठरलं. कम्युनिस्ट पक्षावर तेव्हा सरकारी बंदी होती. डाव्यांची एकजूट व्हावी, हा हेतू चांगलाच होता.

पण आत आलेल्यांची निष्ठा आधीच दुसऱ्या पक्षाला वाहिलेली होती. ते कामाला वाघ होते. बैठकीला वेळेवर यायचे, शाखा बांधायचे, पदं मिळवायचे. चार वर्षांत दक्षिणेतल्या बऱ्याच शाखा त्यांच्या हातात गेल्या. पुढे केरळचे मुख्यमंत्री झालेले ई. एम. एस. नंबूद्रिपाद त्या काळात याच पक्षाचे अखिल भारतीय सहचिटणीस होते. १९४० मध्ये कम्युनिस्टांना बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा दक्षिणेत पक्षच फारसा उरला नाही. माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर शाखाही गेल्या.

छोट्या पक्षाला हा धोका मोठ्या पक्षापेक्षा जास्त असतो. मोठ्या पक्षात पन्नास माणसं घुसली तर ती गर्दीत विरघळतात. छोट्या पक्षात तीच पन्नास माणसं पुढच्या बैठकीत बहुमत असतात.

नगरच्या किल्ल्यातली तीन वर्षं

१९४२ च्या सुरुवातीला दमा बळावला. गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतलं आणि उपचार केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलन पेटलं आणि नरेंद्र देव यांची रवानगी नगरच्या भुईकोट किल्ल्यात झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव, गोविंद वल्लभ पंत अशी सगळी मंडळी तिथेच होती. नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला आणि त्यासाठी ज्यांच्याशी चर्चा झाली, त्यांत नरेंद्र देव यांचं नाव आवर्जून नोंदवलं. नरेंद्र देव स्वतः तिथे वसुबंधूच्या अभिधर्मकोश या बौद्ध ग्रंथाचं फ्रेंचवरून हिंदी भाषांतर करत होते.

याच किल्ल्यातले पंत सहा वर्षांनी निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभ्या पक्षाचे सेनापती असणार होते.

नाशिकचा निर्णय

स्वातंत्र्य आलं आणि काँग्रेसमधला हा पोटपक्ष वरच्या नेत्यांना अडचणीचा वाटू लागला. १९४७ मध्ये कानपूरच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी आपल्या नावातून काँग्रेस हा शब्द काढला आणि काँग्रेसबाहेरच्या लोकांनाही दार उघडलं. त्याच वर्षाच्या शेवटी आचार्य कृपलानींनी काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं, तेव्हा गांधीजींनी नरेंद्र देव यांचं नाव सुचवलं होतं. ते मान्य झालं नाही, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले.

गांधीजींच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच काँग्रेसने आपली घटना बदलली. ज्या पक्षाला स्वतःचे सभासद, स्वतःची घटना आणि स्वतःचा कार्यक्रम आहे, त्या पक्षाच्या माणसाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही. नियम कोणासाठी केला, हे उघड होतं. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवादी पक्षाचं अधिवेशन भरलं आणि काँग्रेस सोडायचं ठरलं. आयुष्यभराचं घर सोडताना नरेंद्र देव यांना ते फार जड गेलं.

मग प्रश्न आला आमदारकीचा. उत्तर प्रदेशात नरेंद्र देव आणि त्यांचे डझनभर सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. खुर्ची सोडली नसती तरी कोणी काही करू शकत नव्हतं. पण मतं काँग्रेसच्या नावावर मिळाली आहेत, तर ती घेऊन दुसऱ्या पक्षात बसणं म्हणजे मतदाराशी दगाबाजी, असा त्यांचा हिशेब होता. मार्च संपता संपता सगळ्यांनी राजीनामे दिले. पक्षांतर करणाऱ्याची आमदारकी काढणारा कायदा देशात १९८५ मध्ये आला. त्याआधी ३७ वर्षं या लोकांनी तो स्वतःवर लावून घेतला.

आणि मग पराभव

१९४८ च्या पोटनिवडणुकीत फैजाबादला काँग्रेसने नरेंद्र देव यांच्यासमोर बाबा राघवदास यांना उभं केलं. हे बाबा मूळचे पुण्याचे, मराठी घरातले. पूर्व उत्तर प्रदेशात आश्रम काढून त्यांनी सेवेचं मोठं काम केलं होतं. लोक त्यांना साधू म्हणून मानायचे.

प्रचाराची धुरा मुख्यमंत्री पंतांकडे होती. अयोध्या त्याच मतदारसंघात. नरेंद्र देव देव-धर्म मानत नाहीत, हा मुद्दा घरोघर पोचवला गेला. बौद्ध तत्त्वज्ञान कोळून प्यायलेला हा माणूस मतासाठी कपाळाला गंध लावायला तयार नव्हता. मतदान तेव्हा सरसकट नव्हतं, मतदार थोडे होते. सुमारे १,३०० मतांनी ते पडले. राजीनामा दिलेल्यांपैकी बहुतेकांची हीच गत झाली.

पराभवानंतरही कामात खंड पडला नाही. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू ते होतेच, १९५१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे राज्यसभेवरही गेले.

सभासद कोण?

पक्षातही बदल होत होते. आतापर्यंत हा पक्ष निवडक, तावून-सुलाखून घेतलेल्या कार्यकर्त्यांचा होता. १९४९ मध्ये पाटण्याच्या अधिवेशनात घटना बदलली. तत्त्वं मान्य करून वर्गणी भरणाऱ्या कोणालाही सभासद होता येईल, असं ठरलं. काही जुन्या कार्यकर्त्यांना हे आवडलं नाही, धार जाईल असं त्यांना वाटलं. पण निवडणुका लढवायच्या तर मूठभर लोकांचा पक्ष चालणार नव्हता.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला लोकसभेच्या फक्त १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. ही घाई नरेंद्र देव यांना फारशी पटली नव्हती. पण निर्णय झाला, आणि ते पक्षातच राहिले.

आपलंच सरकार, आपलाच गोळीबार

खरी परीक्षा १९५४ मध्ये आली. त्रावणकोर-कोचीनमध्ये या पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री होते. ऑगस्टमध्ये तमिळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. त्यांनी तिथूनच सरकारचा राजीनामा मागितला. स्वतंत्र भारतात आपल्या सरकारने लोकांवर गोळ्या चालवल्या तर खुर्चीवर राहायचा हक्क नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आता आज्ञा कोणाची? सरचिटणीसाची, कार्यकारिणीची की मुख्यमंत्र्याची? कार्यकारिणी लोहियांच्या बाजूने उभी राहिली नाही. लोहियांनी पद सोडलं. नोव्हेंबरमध्ये नागपूरला खास अधिवेशन भरलं, तिथेही बहुमत कार्यकारिणीकडे गेलं. पक्ष सावरायला सगळ्यांना मान्य होईल असा एकच माणूस होता. आजारी नरेंद्र देव अध्यक्ष झाले.

पण जखम भरली नाही. मुंबईत मधू लिमये यांनी अशोक मेहतांच्या धोरणावर जाहीर टीका केली, म्हणून तिथल्या शाखेने त्यांना निलंबित केलं. उत्तर प्रदेशच्या शाखेने त्याच लिमयेंना मुद्दाम आपल्या अधिवेशनाला बोलावलं. मग केंद्रीय कार्यकारिणीने उत्तर प्रदेशच्या कार्यकारिणीवरच कारवाई केली. लोहियाही निलंबित झाले. प्रत्येक पाऊल नियमाला धरून होतं, आणि प्रत्येक पावलाला पक्ष थोडा थोडा फाटत होता. १९५५ संपता संपता लोहियांनी वेगळा पक्ष काढला. अध्यक्ष होते नरेंद्र देव, त्यामुळे या फुटीचं माप त्यांच्याही पदरात पडतं.

शेवटचा मसुदा

त्याच डिसेंबरमध्ये गयेला उरलेल्या पक्षाचं अधिवेशन झालं. श्वास पुरत नसताना नरेंद्र देव यांनी पक्षाच्या धोरणाचा मसुदा तयार केला, तो तिथे मंजूर झाला. नंतर हवापालटासाठी ते दक्षिणेत गेले. १९ फेब्रुवारी १९५६ रोजी तमिळ मुलखात, इरोडजवळ त्यांनी देह ठेवला. बौद्ध धर्म आणि तत्त्वज्ञानावरचा त्यांचा हिंदी ग्रंथ मृत्यूनंतर छापून आला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९४८ चा नियम त्यांनी आधी स्वतःवर लावला, त्यात स्वतःची खुर्ची गेली, पण सोबतचे डझनभर लोक एका शब्दावर मागे आले. १९५५ चे नियम एकमेकांवर लावले गेले. तेव्हा घटनेतलं कलम बरोबर होतं, सह्या होत्या, बहुमत होतं, आणि तरी माणसं निघून गेली. नव्या पक्षाची शाखा काढून फलक लावणाऱ्या कोणालाही नरेंद्र देव यांच्या आयुष्यातली ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.