एकाच नळीची दुनळी

जिम कॉर्बेट म्हटले की कुमाऊँचे नरभक्षक वाघ आणि अचूक नेमाची रायफल डोळ्यांपुढे येते. पण या शिकाऱ्याचे शिक्षण झाले ते एका मोडक्या दुनळी बंदुकीवर. हे पहिले हत्यार इतके सदोष होते की आज कोणी ते नवशिक्याच्या हाती देणार नाही.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असताना, १८८१ मध्ये, वडिलांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरत असे. तेथील जंगल हीच जिम यांची खरी शाळा. आरंभी हाती होती गलोल. नंतर कुमाऊँच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका परिचित गृहस्थांकडून त्यांना ठासणीची दुनळी मिळाली.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे भरून ते गजाने ठासावे लागतात. एक बार उडाला की पुन्हा भरण्यात बराच वेळ जातो. म्हणूनच दुसऱ्या नळीचे मोल मोठे. पहिला नेम चुकला तर ती हाताशी असते. जिम यांच्या बंदुकीची मात्र उजवी नळी फुटलेली होती आणि सारा डोलारा पितळी तारेने बांधलेला होता. दुनळी नावालाच, उपयोगाची नळी एकच. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या या मुलाला दुसरी संधी नव्हती. सावजाच्या शक्य तितके जवळ जाणे, पावलांचा आवाज होऊ न देणे आणि खात्री पटल्याखेरीज चाप न ओढणे, हे धडे त्या वैगुण्यानेच गिरवून घेतले. एकदा ही बंदूक घेऊन रानकोंबड्यांच्या मागावर असताना पलीकडच्या झुडपातून वाघ बाहेर आला, वळून मुलाकडे पाहिले आणि शांतपणे निघून गेला. विनाकारण माणसावर न धावणारा वाघ त्यांना तेथे प्रथम भेटला.

पुढे बिहारातील मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्याच्या कामात त्यांनी दोन दशके काढली. याच काळात, १९०७ मध्ये, चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना पाचारण झाले. नोंदींनुसार तिने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली होती. सरकारने जाहीर केलेले इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे, या अटींवरच त्यांनी ती कामगिरी स्वीकारली. हाकाऱ्याच्या वेळी रायफलीच्या तिन्ही गोळ्या संपल्या आणि जखमी वाघीण समोर उभी राहिली. कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची बंदूक घेऊन परतले. तीही जुनाट, नळ्या आणि मागचा भाग यांत फट पडलेली. नेम धरला होता जबड्यावर, गोळी लागली पंजाला. वाघीण कोसळली ती आधीच्या जखमांनी. पुढे सरकारने त्या तहसीलदारांना बंदूक भेट दिली.

१९२६ मध्ये त्यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला. त्याच्या नावावर सव्वाशे बळींची नोंद होती. तथापि कॉर्बेट यांना केवळ रक्षणकर्ता ठरविणे अपुरे होईल. पवलगढचा प्रसिद्ध प्रचंड वाघ नरभक्षक नव्हता. १९३० मध्ये त्यांनी तो शिकारीच्या हौसेपोटीच टिपला. व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. मात्र याच वर्षांत त्यांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा अधिक दिसू लागला. शाळाशाळांतून ते वन्यजीवांविषयी बोलू लागले. लहानपणी ज्या रानात दहा वाघ होते, तेथे आता एखादाच उरला असल्याची खंत त्यांनी लिहून ठेवली. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, त्यातही त्यांचा वाटा होता.

१९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे निवर्तले. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभही तेथूनच झाला. उत्तम हत्यारे पुढे त्यांना पुष्कळ लाभली; पण चाप ओढण्यापूर्वी थांबण्याची सवय लावली ती पितळी तारेने बांधलेल्या त्या बंदुकीने. ज्याच्याजवळ दुसरा बार नसतो, त्याला पहिल्याची किंमत कळते. वाघांची संख्या घटू लागली तेव्हा कॉर्बेट यांना ती किंमत इतर अनेक शिकाऱ्यांच्या आधी कळली.