डॉ. जेम्स मरे : एक विश्वासू कोशकार

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात हॉइक गावाजवळ डेनम नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी एका शिंप्याच्या घरी जेम्स मरे यांचा जन्म झाला. गरिबीमुळे चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली, परंतु विद्येची गोडी सुटली नाही. जे पुस्तक हाती येईल ते वाचावे, जी भाषा शिकता येईल ती शिकावी, असा त्यांचा क्रम असे. सतराव्या वर्षी ते साहाय्यक शिक्षक झाले आणि विसाव्या वर्षी हॉइक येथील एका शाळेचे मुख्य शिक्षक.

१८६२ साली त्यांचा विवाह झाला. पण पहिले मूल तान्हेपणीच गेले व पत्नी क्षयाने खंगू लागली. तिला चांगली हवा मिळावी म्हणून आवडते काम सोडून ते लंडनला आले आणि हिंदुस्थानाशी व्यवहार करणाऱ्या एका पेढीत कारकुनी करू लागले. तरीही १८६५ साली पत्नी निवर्तली. पुढे १८६७ साली त्यांनी एडा रुथवेन या बाईंशी विवाह केला. देवाने त्यांना अकरा मुले दिली. १८७० पासून ते मिल हिल येथील शाळेत पुन्हा शिकवू लागले.

इंग्रजी भाषेचा मोठा कोश करावा, असे लंडनच्या भाषाशास्त्र मंडळीने १८५७ सालीच मनात घेतले होते. १८७९ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाने ते काम मरे यांच्यावर सोपविले. दहा वर्षांत चार खंड पुरे व्हावे, असा करार होता. मरे यांनी शाळेच्या आवारात लोखंडी पत्र्याची खोली उभारली व चिठ्ठ्यांसाठी एक हजारावर कप्पे केले. पूर्वी जमलेल्या सुमारे दोन टन चिठ्ठ्या त्यांच्या घरी आल्या. एका पोत्यात तर उंदरांनी घर केले होते.

या चिठ्ठ्या कशासाठी, असे कोणी विचारील. मरे यांचे मत असे की, शब्दाचा अर्थ कोशकाराने आपल्या मनाने ठरवू नये. तो शब्द ज्यांनी वापरला त्यांची साक्ष काढावी. म्हणून देशोदेशीच्या शेकडो वाचकांना त्यांनी विनंती केली की, जुनी-नवी पुस्तके वाचून प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, सन, ग्रंथकार, ग्रंथ, पृष्ठ आणि पूर्ण वाक्य उतरून पाठवावे. अशा रीतीने बायबल, शेक्सपिअर, स्कॉट व डिकन्स यांच्या कादंबऱ्या, प्रवासवर्णने आणि वर्तमानपत्रेही साक्षीस आली. अर्थ संशयित असला तर ते हयात ग्रंथकारालाच पत्र लिहीत. कादंबरीकार हार्डी यांनाही त्यांनी त्यांच्या एका शब्दाविषयी विचारले होते.

यात एक गंमत झाली. वाचकांनी विचित्र शब्द टिपले आणि नित्याचे सोडून दिले. ‘अब्यूझन’ या दुर्मिळ शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या आल्या, पण ‘अब्यूझ’ या रोजच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. ती उणीव मरे यांना व त्यांच्या साहाय्यकांना स्वतः शोधून भरावी लागली. चिठ्ठ्या लावण्याच्या कामी त्यांची मुलेही बसत व थोडा खाऊखर्च मिळवीत.

पहिला भाग निघावयास १८८४ साल उजाडले. काम मंद चालते, खर्च फार होतो, अशी कुरकुर वरिष्ठांकडून होऊ लागली. १८८३ साली तर त्यांनी सुचविले होते की, थोर ग्रंथकारांचेच उतारे घ्यावे, वर्तमानपत्रांचे टाळावे. मरे यांना पगार थोडा, कुटुंब मोठे. नाही म्हणण्याने काम जाण्याचे भय होते. तरी ते नमले नाहीत. सामान्य माणसाची साक्ष केवळ सामान्य म्हणून टाकावी, हे त्यांना पटेना. १८८५ साली ते ऑक्सफर्डला राहावयास गेले. तेथे शेजाऱ्याच्या हरकतीमुळे त्यांची खोली काहीशी जमिनीत खोल बसवावी लागली. थंडी व ओल सोसून त्यांनी तीत तीस वर्षे काम केले.

ते काँग्रिगेशनल मंडळीचे सभासद, मद्य वर्ज्य करणारे व प्रभुवार पाळणारे होते. त्यांचा सरळपणा एका चुकीत विशेष दिसतो. गलतीकरांच्या पत्रात हागारेविषयी इंग्रजी बायबलात ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, हा शब्द आहे. त्याच्या चिठ्ठ्या कोठे गहाळ झाल्या आणि तो कोशात छापलाच गेला नाही. निदान तीस जणांच्या नजरेखालून ते काम गेले होते, पण कोणाच्याही ध्यानात आले नाही. १९०१ साली एका गृहस्थाने विचारले, तेव्हा मरे यांनी ही चूक उघड कबूल केली. बिचाऱ्या दासीला १९३३ च्या पुरवणीत जागा मिळाली.

१९०८ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ता. २६ जुलै १९१५ रोजी ‘टी’ हे अक्षर चालू असता ते प्रभूजवळ गेले. मोशेने वचनदत्त देश दुरून पाहिला, तसेच त्यांचे झाले. जवळजवळ अर्धा कोश त्यांनी स्वतः संपादिला होता. सहकाऱ्यांनी १९२८ साली तो पुरा केला, तेव्हा त्यात ४,१४,८२५ शब्द व सुमारे १८ लक्ष २७ हजार उतारे होते. २००० सालापासून तो इंटरनेटवरही वाचता येतो, आणि नव्या-जुन्या कादंबऱ्यांतील वाक्ये आजही त्यात साक्ष देत आहेत.

आपल्या मराठी मंडळीतही असा एक सेवक होऊन गेला. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली लिहिणारे बाबा पदमनजी यांनीच मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. शब्द जतन करणे हीही सेवाच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

प्रिय वाचकहो, आपणही त्या चिठ्ठ्या पाठविणाऱ्या वाचकांसारखे विशेष प्रसंग मोठ्या हौसेने टिपतो, आणि घरातील रोजचे बोलणे, बाजारातील रोजचा व्यवहार बिनमोलाचा समजून सोडून देतो. परंतु ख्रिस्ती या नावाचा अर्थ आपले शेजारी कोशात पाहत नाहीत. आपल्या नित्याच्या वागण्यातच त्याची साक्ष शोधतात. ती साक्ष त्यांना मिळावी आणि चूक झाली तर ती कबूल करण्याचे धैर्य आपणांस असावे, अशी प्रभूजवळ प्रार्थना करू या.