सव्यसाची नेमबाज

महाभारतातील अर्जुनाला सव्यसाची असे एक नाव आहे. उजव्या हाताप्रमाणे डाव्या हातानेही तो धनुष्याची दोरी ओढीत असे, म्हणून हे नाव. विसाव्या शतकात हंगेरी देशात या नावाला साजेल असा एक नेमबाज होऊन गेला. मात्र अर्जुनाचे दोन्ही हात शाबूत होते; या नेमबाजाचा उजवा हात निकामी झाल्यावर त्याला डाव्याकडे वळावे लागले.

त्याचे नाव कारोय टाकाच. रोमन लिपीतील अक्षरे पाहून पुष्कळ लोक त्याला कारोली म्हणतात. परंतु हंगेरियन भाषेतील उच्चार कारोय असाच आहे. २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्ट या राजधानीच्या शहरी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो सैन्यात शिरला आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याने असे प्रावीण्य मिळवले की, देशातील अग्रगण्य नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. टाकाच तेव्हा सार्जंटच्या हुद्द्यावर होता आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे हंगेरीच्या सैन्यातून केवळ सनदी अधिकाऱ्यांनाच ऑलिंपिकच्या संघात घेत असत. हाताचा नेम अचूक असूनही खांद्यावरची फीत अपुरी ठरली. लक्ष्याच्या कागदाला गोळी झाडणाऱ्याचा हुद्दा कळत नाही, ही साधी गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आली नव्हती. बर्लिनच्या सामन्यांनंतर ही अट उठवण्यात आली, आणि पुढील ऑलिंपिकसाठी टाकाच जोमाने तयारीला लागला.

१९३८ साली लष्करी कवायत चालू असताना एक सदोष हातबाँब अवेळी फुटला. टाकाचच्या उजव्या हाताला जबर इजा झाली. महिनाभर तो रुग्णालयात पडून होता. जीव वाचला, पण ज्या हाताने त्याने कीर्ती मिळवली होती, तो पिस्तूल धरण्याच्या कामाचा राहिला नाही.

एक हात गेला तर दुसऱ्याने नेम धरावा, हे म्हणावयास सोपे आहे. नागपूरच्या हुडकेश्वर भागातील एखाद्या मैदानावर विटीदांडू खेळण्यात पटाईत असलेल्या उजव्या मुलाला डाव्या हाताने दांडू धरावयास सांगितले, म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे असते. त्याचा हात चुकला असे सवंगडी म्हणतात. वास्तविक हातापूर्वी त्याचे पाय चुकलेले असतात. कोणता पाय पुढे टाकावा, हेच त्याला समजत नाही. आपल्याकडील धनुर्वेदाच्या आचार्यांनी ही गोष्ट पुरती ओळखली होती. त्यांनी धनुर्धराच्या उभे राहण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना, म्हणजे ठाणांना, स्वतंत्र नावे दिली. उजवा पाय पुढे आणि डावा मागे असे आलीढ, आणि त्याच्या नेमके उलट ते प्रत्यालीढ. बाण कोठे जाणार याचा निर्णय पुष्कळसा पायांपाशीच होतो.

पिस्तुलाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकता येतो, नळीखाली दुसरा हात धरता येतो. सामन्यातील पिस्तूल मात्र एकाच हाताने, तो हात पुढे ताठ करून आणि कशाचाही आधार न घेता धरावे लागते. नळीच्या टोकावर एक लहानसा उंचवटा असतो आणि मागील बाजूस एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्यभागी उंचवटा दिसला पाहिजे. या दोहोंमधील अंतर सुमारे २० सेंटिमीटर धरले, तर तेथे झालेली १ मिलिमीटरची चूक २५ मीटरवरील लक्ष्यापाशी साडेबारा सेंटिमीटरची होते. मनुष्याचे शरीर तर कधीच पूर्ण स्थिर नसते. श्वासाने छाती हलते, हृदयाच्या ठोक्याने हात हलतो, आणि उभा राहिलेला मनुष्य नकळत मागेपुढे झुलत असतो. हे हलणे थांबवता येत नाही. योग्य ठाण घेऊन ते कमी करता येते.

त्यासाठी नेमबाज लक्ष्याकडे सरळ तोंड करून उभा न राहता अंग तिरपे ठेवतो. पिस्तुलाचा हात ज्या बाजूचा, ती बाजू लक्ष्याकडे. पायांत साधारण खांद्यांच्या रुंदीइतके अंतर, दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे न ताणलेले, मान सरळ. मोकळा हात तो खिशात घालतो किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवतो. पाहणाऱ्याला ती ऐट वाटते. पण लोंबकळता हात शरीराचा तोल बिघडवतो, म्हणून तो बांधून ठेवावयाचा असतो. ठाण बरोबर साधले की नाही, हे पाहण्याची एक युक्ती नेमबाजांत प्रसिद्ध आहे. डोळे मिटावेत, हात सहज वर उचलावा आणि मग डोळे उघडावेत. पिस्तूल लक्ष्याच्या डावीउजवीकडे रोखलेले आढळले, तर हात सरकवावयाचा नाही, पाय सरकवावयाचे. हात ओढून लक्ष्यावर आणला तर खांद्याचे स्नायू ताणलेले राहतात, आणि चाप दाबण्याच्या क्षणी हात पुन्हा आपल्या मूळ जागेकडे वळू पाहतो.

टाकाचने वर्षानुवर्षे अंगात मुरवलेले हे सारे ठाण उजव्या हातासाठी होते. आता आरशातील प्रतिमेप्रमाणे ते उलटे करणे प्राप्त होते. उजव्या खांद्याऐवजी डावा खांदा लक्ष्याकडे, आणि त्याबरोबर पाऊल, कंबर व मान यांचीही अदलाबदल. चाप दाबताना तर्जनीने एकटीने मागे यावे आणि बाकीच्या मुठीने तसूभरही हलू नये, हे कसब डाव्या पंजाला मुळापासून शिकवावयाचे होते. शिवाय जसा मनुष्याचा एक हात अधिक सराईत असतो, तसा एक डोळाही प्रधान असतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तो उजवाच असतो. अशा मनुष्याने डाव्या हातात पिस्तूल घेतले, तर डोळा आणि शस्त्र एका रेषेत येत नाहीत. मग डोके किंचित वळवावे, की डाव्या डोळ्याला नवी सवय लावावी, हा प्रश्न उभा राहतो. नवशिक्याला निदान जुने विसरावे लागत नाही.

टाकाचचा सामना तर पिस्तुलाच्या प्रकारांतील सर्वांत वेगवान होता. या प्रकारात २५ मीटरवर पाच लक्ष्ये ओळीने उभी असतात. हात खाली झुकलेला ठेवून सुरुवात करावयाची, खूण होताच तो उचलावयाचा, आणि ठरलेल्या वेळात पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी झाडावयाची. ही वेळ प्रथम ८ सेकंद, मग ६, आणि शेवटी अवघी ४ सेकंद. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना हात एकटा फिरवून चालत नाही. कमरेपासून वरचे सारे अंग एखाद्या दारासारखे एकसंध वळावे लागते, आणि ते बिजागरासारखे निर्वेध वळावे अशीच पावले आधी रोवलेली असावी लागतात.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर टाकाचने हा अभ्यास कोणाला न कळवता आरंभला. गुप्तता राखण्यात त्याने शहाणपणच केले, असे म्हटले पाहिजे. कारण अशा वेळी कीव करणाऱ्यांची गर्दी हा अभ्यासातील मोठा अडथळा असतो. १९३९ च्या वसंत ऋतूत राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी तो आला, तेव्हा तो खेळ पाहावयास आला आहे, अशा समजुतीने जुने सोबती त्याचे सांत्वन करू लागले, असे सांगतात. त्याने डाव्या हाताने ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी झालेल्या हंगेरीच्या पिस्तूल संघातही तो होता.

पुढे महायुद्ध पेटले. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिके झालीच नाहीत. तारुण्याची उमेदीची वर्षे अशी निघून गेली, आणि १९४८ साली लंडनचे सामने भरले तेव्हा टाकाच ३८ वर्षांचा होता. जगज्जेतेपद अर्जेंटिनाच्या कार्लोस दिआस साएन्स व्हालिएन्ते याच्याकडे होते. सामन्यापूर्वी त्याने टाकाचला येथे येण्याचे प्रयोजन विचारले आणि आपण शिकावयास आलो आहोत, एवढेच टाकाच म्हणाला, अशी एक आख्यायिका नेमबाज मोठ्या आवडीने सांगतात. लंडनजवळच्या बिझ्ली येथील मैदानावर टाकाचने ६०० पैकी ५८० गुण मिळवून जागतिक विक्रम केला व सुवर्णपदक घेतले. साएन्स व्हालिएन्ते दुसरा आला. बारा वर्षांपूर्वी ज्याला संघात जागा मिळाली नव्हती, त्याची ही पहिली ऑलिंपिक स्पर्धा होती.

१९५२ साली हेलसिंकी येथे सामने झाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून दिले, ते याच सामन्यांत. टाकाच तेथेही पहिला आला. या प्रकारातील सुवर्णपदक दोनदा जिंकणारा तो पहिलाच नेमबाज. या खेपेस त्याचे गुण ५७९ झाले आणि दुसऱ्या क्रमांकाचे ५७८. हा एका गुणाने मागे राहिलेला खेळाडू सिलार्ड कुन नावाचा १७ वर्षांचा हंगेरियन मुलगा होता, आणि त्याला शिकवले होते टाकाचनेच. गुरूला स्वतःच्या शिष्याकडून इतका धोका क्वचितच संभवतो.

१९५६ साली मेलबर्न येथे मात्र त्याला पदक मिळाले नाही. सार्जंट म्हणून डावलला गेलेला टाकाच सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला. देशांतर्गत ३५ विजेतेपदे त्याच्या नावावर जमा झाली होती. खेळण्याबरोबर तो शिकवण्याचेही काम करी. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथे त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याला सहासष्ट वर्षे पूर्ण होण्यास सोळा दिवस उरले होते.