कर्मवीर भाऊराव पाटील : एका नकाराची फलश्रुती

थोरांच्या चरित्रांत बालपणीच्या बंडखोरीचे प्रसंग आवर्जून सांगितले जातात आणि आपण ते कौतुकाने ऐकतो. परंतु क्षणिक संताप कोणाच्याही ठायी असतो. त्या संतापाचे पुढे काय झाले, हाच चरित्रकाराचा खरा प्रश्न होय. या दृष्टीने कर्मवीर भाऊराव पाटील यांचे पूर्वायुष्य पाहण्यासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. शरीर दणकट, कुस्तीची आवड मोठी आणि स्वभाव हूड. पुस्तकात मात्र मन फारसे रमत नसे. याच शाळकरी वयातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरण्यास मज्जाव होता. कोणी वाढील तेवढ्या पाण्यासाठी त्यांना तिष्ठत उभे राहावे लागे. ते दृश्य पाहून भाऊरावांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला. कृती आततायी होती आणि तिने कोणाची तहान भागली नाही. मोडलेला रहाट दुरुस्त होऊ शकतो, रूढी मात्र तशीच राहते, हे कळण्याचे ते वय नव्हते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व जैन वसतिगृहात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या सुधारणांचा तो काळ होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने उघडलेल्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर, स्नान केल्यावाचून भोजनगृहात पाऊल ठेवता येणार नाही, अशी आज्ञा झाली. त्यांनी ती साफ नाकारली. परिणामी वसतिगृहातून त्यांची हकालपट्टी झाली. विशीच्या उंबरठ्यावरील या तरुणाचे छप्पर आणि अन्न एकाच वेळी गेले. रहाट मोडताना त्यांनी काही गमावले नव्हते; येथे मात्र किंमत स्वतः मोजावी लागली. विद्यार्थ्याला जातीच्या नियमासाठी निवाऱ्याबाहेर काढले जाते तेव्हा त्याला काय वाटते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. त्यांचे प्रौढत्व येथून सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही.

या प्रौढत्वाची कसोटी थोड्याच वर्षांत लागली. 1914 च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. वसतिगृहातून काढले गेले तेव्हा तेथील अधिकार हेच लठ्ठे सांभाळीत होते. सूड घेण्याची संधी दारी चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. त्यांचा राग अन्यायावर होता, माणसावर नव्हता.

त्यानंतर त्यांनी किर्लोस्कर, ओगले आणि कूपर यांच्या कारखान्यांसाठी काम केले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकाच पंक्तीस जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. ज्या पंक्तीतून आपण उठविले गेलो, तीच पंक्ती त्यांनी सर्वांसाठी मांडली. सोवळ्यात वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या निवर्तल्या. कार्य मात्र थांबले नाही.

श्रम करून शिकण्याची कमवा आणि शिका ही पद्धत रुजली. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. 1954 मध्ये कराडला निघालेल्या महाविद्यालयास आपल्या विदर्भाच्या गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. 1959 साली पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. पदवी असे दोन बहुमान इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसास लाभले. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये झाली होती.

वारासिवनीचा हा धानाचा मुलूख साताऱ्यापासून दूर आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर येथील मराठी माणूस महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच राहिला. तरीही शताब्दीच्या निमित्ताने या चरित्राचे स्मरण उचित वाटते. पाणवठ्याप्रमाणेच ग्रंथालयाचे दारही प्रत्येकासाठी उघडे आहे किंवा नाही, यावरून गावाची पारख होते. आज येथे पुस्तक मागावयास येणारा एखादा मुलगा हूड असेल, उद्धटही असेल. त्याचा नकार ऐकताच त्याला दाराबाहेर करण्याची घाई आपण करू नये. तो कशाला नकार देत आहे, हे आधी समजून घ्यावे. भाऊरावांना दाराबाहेर काढणाऱ्यांनी नियम पाळला. दाराबाहेर गेलेल्या त्या तरुणाने पुढे हजारो मुलांसाठी दारे उघडली.