झाडू, गाडगे आणि पंढरीची धर्मशाळा

श्री गाडगे महाराजांचे नाव ठाऊक नसलेले घर आपल्या सभासद-मंडळींत क्वचितच असेल. ते नाव निघाले की डोळ्यांपुढे झाडू उभा राहतो. परंतु त्या झाडूमागे द्रव्याचा जो चोख व्यवहार होता, तो फारसा सांगितला जात नाही. म्हणून त्या बाजूने हे चरित्र येथे थोडक्यात निवेदन करीत आहे.

वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातील नाव डेबूजी; वडील झिंगराजी व आई सखूबाई. मद्यपानाच्या व्यसनाने वडिलांचा अकाली अंत झाला व माता मुलास घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूजींनी मामांची गुरे राखली, शेत कसले; शाळेचे तोंड मात्र कधी पाहिले नाही. त्या घरावर सावकाराचा फेरा आला. मामा कर्जाचे हप्ते भरीत गेले, पण पावती घेण्याचे त्या भोळ्या माणसास सुचले नाही, आणि अखेर जमीन गेली. पुढील आयुष्यात पै-पैशाच्या हिशेबाविषयी महाराजांच्या ठायी जो कडकपणा दिसतो, त्याचे मूळ या न घेतलेल्या पावत्यांत असावे, असे मला वाटते.

कन्येच्या बारशास मद्य-मांसाचे जेवण घालण्याचा बिरादरीचा रिवाज त्यांनी मोडला व पंगतीस गोडाचे जेवण वाढले. दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि अन्न-पाण्यासाठी मडक्याचे एक खापर एवढाच काय तो संसार. त्या खापरावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

वऱ्हाडात पूर्णाकाठी ऋणमोचन या क्षेत्री पौषातील रविवारी यात्रा भरते. नदीच्या चिखलात यात्रेकरूंचे फार हाल होत. बाबांनी तेथे स्वतः माती उपसण्यास प्रारंभ केला, ते पाहून लोकही हात लावू लागले, आणि कालांतराने तेथे पक्का घाट उभा राहिला. पुढील सर्व कार्याची रीत येथेच ठरली. ते एखाद्या गावात आले की गावाचे दारिद्र्य मोजीत बसत नसत. प्रथम रस्ता व गटारे झाडावयास घेत. गावकरी ओशाळून पुढे येत, आणि मग ज्याच्याजवळ जे असेल ते निघे: कोणाचे मनगट, कोणाची बैलगाडी, कोणाच्या घरची मूठभर ज्वारी. आपल्या निर्ण्यासारख्या खेड्यातही इतके निघावयास हरकत नाही! सायंकाळी कीर्तन होई. कर्ज, दारू, देवापुढील पशुहत्या व अस्पृश्यता यांवर त्यांचा प्रहार असे. घरातील भांडी मोडावी लागली तरी मुलांना शिकवावे, हा त्यांचा आग्रह.

पंढरपूरची कथा सर्वांत मोलाची आहे. त्या काळी अस्पृश्य वारकरी शेकडो मैल चालून येत, पण विठ्ठलाच्या मंदिराचे दार त्यांना बंद. निवाऱ्यासही कोणी जागा देत नसे. १९१७ साली बाबांनी त्यांच्यासाठी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. मंदिराचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडले. म्हणजे भक्तांच्या डोक्यावर छप्पर आले त्यानंतर तीस वर्षांनी देवाचे दर्शन! पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्यास हे लिहिताना मान खाली घालावी लागते.

नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथेही धर्मशाळा झाल्या. अन्नछत्रे, वसतिगृहे निघाली. इतके द्रव्य आले कोठून? धनिकांनी दिले, तसे गरिबांनीही दिले. गोरगरिबांच्या मंडळास एरवी कोणी हजार रुपये हाती दिले नसते; बाबांच्या शब्दावर मात्र देत. परंतु तो पैसा बाबा आपल्याजवळ ठेवीत नसत. प्रत्येक कामास विश्वस्त नेमावयाचे, कागदपत्र करावयाचे, हिशेब त्यांनी राखावयाचा, अशी पद्धत होती. स्वतः उभारलेल्या अन्नछत्रात ते जेवत नसत, आणि आप्तांचा संस्थांवर वारसाहक्क असू नये यावर त्यांचा कटाक्ष होता. अमेरिकेत आज नोंदलेल्या संस्था लहान मंडळांच्या वतीने देणग्या स्वीकारून त्यांचा हिशेब सांभाळतात व या व्यवहारास कायद्याची चौकट आहे. निरक्षर बाबांनी तेच काम केवळ आपल्या शब्दाच्या पतीवर केले होते.

या निर्मोहाची खरी कसोटी १९४९ साली लागली. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. डॉक्टरसाहेबांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती, ही गोष्ट जगजाहीर होती. तरीही विठ्ठलाच्या नगरीतील, संताच्या नावाची वास्तू त्यांच्या हाती सोपविताना बाबांनी एकच पाहिले, की ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांची मुले तेथे शिकतील. कित्येक सनातनी मंडळींस हे रुचले नसेल. मला मात्र त्यांच्या सर्व बांधकामांहून हे दान श्रेष्ठ वाटते. बांधणारे पुष्कळ असतात; बांधलेले वेळीच सोडणारा विरळा.

कर्मवीर भाऊराव पाटलांवरही त्यांचा असाच लोभ होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याने अक्षर गिरविले नाही त्याच्या नावाचे महाविद्यालय!

दि. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व विखुरलेल्या कार्यास एक छत्र लाभले. १९५६ हे वर्ष आपल्या सीमाभागास विसरता येणार नाही. १ नोव्हेंबरला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. दि. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर निवर्तले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, दि. २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या काठी प्रवासातच बाबांनी देह ठेवला. अमरावतीस गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. पुढे मिशनने मुंबईत दादर येथेही धर्मशाळा उभारली. टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे दूरदूरचे कर्करोगी व त्यांचे नातेवाईक आज तेथे उतरतात.